दुप्पट पगाराचे दिवस

बेलापूरच्या सेक्टर अकरात, चौथ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाच्या डाव्या खणात युद्ध असतं.
पिवळ्या फॉर्मांचा गठ्ठा.
दोन चौकोन: जाईन. जाणार नाही.
खाली सही, तारीख, वारसाचं नाव
आणि बारीक टायपात:
रेघेच्या आत जहाज असेतो
दर दिवसाला दुप्पट पगार.

ही रेघ समुद्रात नसते.
कुठल्याशा थंड शहरात, विम्याच्या कचेरीत
पाचसहा जण बसून ती आखतात,
मग जहाजाच्या किमतीवर इतके टक्के, सात दिवसांसाठी.
टक्के चढले की कॅप्टन दस्तूर खिडकीशी जातात,
पाम बीचवरच्या गाड्या बघत म्हणतात,
"पेडणेकर, गठ्ठा काढा."

तन्मय गावंड पहिल्यांदाच जात होता. उलव्याचा.
आजोबांची जमीन गेली, साडेबारा टक्के आले,
त्यावर इमारत आली, तिच्यावर भाऊबंदकी,
आता कुणाचे किती टक्के याच्या तारखा पडतात.
त्यानं विचारलं, "नाही म्हटलं तर?"
मी नियमात होतं ते सांगितलं:
काही होत नाही, कंपनी आपल्या खर्चानं परत आणते.
खोटं नव्हतं.
पुढच्या यादीत नाव कितवं लागतं
ते त्यानं विचारलं नाही.
तेवीसच्या तेवीस सह्या आल्या की
माझ्या पगारात 'विशेष कार्य' अशी एक ओळ वाढते
हे तर कोण कशाला विचारेल.
साडेतीन हजार. लेकीच्या क्लासची फी.

बोसन शौकत परकारांनी फॉर्म वाचलाच नाही.
कौशाला फ्लॅट बुक केलाय, पाचवा हप्ता तुंबलाय.
"बाई, बावीस दिवस धरा," म्हणाले,
जसं काही धरणं-सोडणं माझ्या हातात.

आमच्याकडे युद्ध कुणालाच नको असतं, विचारून बघा.
दस्तूर बातम्या लागल्या की आवाज बंद करतात.
मी शनिवारी मारुतीला तेल घालते, जहाजाचं नाव घेऊन.
फक्त ऑफिसची फरशी एका बाजूला उतरती आहे, जराशीच,
उभ्या माणसाला कळत नाही.
गोटी सोडा, ती कुठं जाईल
हे कुणाला ठरवावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी तह झाला.
टीव्हीवर दोघे हात हलवत होते, एकमेकांचा धरून,
शिपायानं पंख्याखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या,
एकट्यानंच.
तेवढ्यात फोन. रुक्साना परकार.
"मॅडम, लढाई किती दिवस धरली?"
"अकरा."
"हे तर बावीस म्हणाले होते…
नाही म्हणजे, तोबा, थांबली ते चांगलंच झालं."
"चांगलंच झालं," मी म्हटलं.
मग दोघी गप्प.
बावीसातून अकरा गेले,
वजाबाकी सोपी होती, तरी वेळ लागला.

सोमवारी थंड शहरातून मेल आला.
तोफा थांबल्यात हे मान्य, पण रेघ इतक्यात पुसत नाही,
पाच दिवस बघू.
त्या बघण्याचे पाच दिवस
मी तेवीस जणांच्या खात्यात युद्ध म्हणून भरले.
रुक्सानाला कळवलं. ती हसली,
कुकरची शिट्टी झाली, "सोळा ना? सोळा?"
माझी ओळही त्या महिन्यात राहिली.

संध्याकाळी तन्मयचा फोटो आला.
सपाट पाणी. डेकवर वाळत घातलेले मोजे.
क्षितिजापर्यंत एक पक्षीसुद्धा नाही.
खाली लिहिलं होतं,
मॅडम, अजून चालू आहे ना?